पस्तीस डॉलरची पँट आणि उत्तर विस्कॉन्सिनचे पाच दिवस

शुक्रवार : मॅडिसन ते पार्क फॉल्स

पार्सल उघडल्यावर बायको म्हणाली, "ही पँट आहे की बाथरूमची फरशी?"

तिचं काही चुकलं नव्हतं. करड्या, हिरवट आणि वाळूच्या रंगाचे बारीक चौकोन. अमेरिकी लष्कराने २००४ साली हा नमुना काढला तो वाळवंट, शहर, जंगल सगळीकडे एकच कापड चालावं म्हणून. झालं उलटंच, तो कुठेच धड लपेना. अफगाणिस्तानात जाणाऱ्यांना २०१० पासून वेगळे कपडे द्यावे लागले, आणि २०१९ च्या सप्टेंबरअखेर तर हा नमुना सैनिकांच्या अंगावरून कायमचा उतरला. त्यामुळे लष्कराचा उरलेला माल विकणाऱ्या सरप्लसच्या दुकानांत याचे ढीग लागलेत. दिसायला वाईट म्हणून स्वस्त. मला पस्तीस डॉलरला मिळाली. शिकारीच्या दुकानात याच तोडीच्या पँटला दीडशेच्या खाली कुणी बोलत नाही.

पँट म्हणजे लष्कराच्या थंडीच्या कपड्यांच्या सात थरांपैकी पाचवा थर. पहिला अंगाला चिकटणारा पातळ, दुसरा चौकड्यांच्या फ्लीसचा (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड), तिसरा जाड फ्लीसचं जॅकेट, चौथा वाऱ्यापुरता, पाचवा हा सॉफ्टशेल म्हणजे मऊ, ताणणारं वरचं आवरण, सहावा पावसाचा गोअर-टेक्स, आणि सातवा फुगीर, रजई अंगावर घेतल्यासारखा. सगळे एकावर एक चढवायचे नसतात, हवेप्रमाणे निवडायचे असतात. हे मला या पाच दिवसांत कळलं, आणि तेही सुखासुखी नाही.

विस्कॉन्सिनात बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात मीटिंग ठेवली तर कुणी येत नाही. माझा एक सहकारी दरवर्षी वडिलांबरोबर पार्क फॉल्सजवळच्या त्यांच्या केबिनवर जातो. तीन वर्षं तो मला "चल" म्हणत होता. यंदा मी रीतसर शिकारीचा कोर्स केला, मैदानावरची परीक्षा दिली, लायसन्स काढलं.

या लायसन्सचं आणखी एक महत्त्व आहे, आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ते ठाऊक नसतं. माझ्यासारख्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक हातात घ्यायलाच बंदी आहे. त्या बंदीला जे मोजके अपवाद आहेत त्यांत वैध शिकार-परवाना हा एक. म्हणजे खिशात तो कागद नसताना मित्राची रायफल नुसती "बघू" म्हणून धरली तरी गुन्हा. मी त्या कागदाच्या तीन प्रती काढल्या. साताऱ्याकडचा माणूस, कागद सांभाळायची सवय.

साडेचार तासांचा रस्ता. वॉसॉपर्यंत हायवे, मग टॉमाहॉक, तिथून पश्चिमेला प्रेंटिस आणि उत्तरेला तेरा नंबरचा रस्ता. फिलिप्सला पाय मोकळे करायला काँक्रीट पार्कपाशी थांबलो. फ्रेड स्मिथ नावाच्या एका निवृत्त लाकूडतोड्याने १९४८ पासून सिमेंटचे घोडे, माणसं, हरणं घडवली आणि त्यांत बाटल्यांच्या काचा बसवल्या. दोनशेच्या वर पुतळे आहेत. बर्फ भुरभुरत होता. सिमेंटच्या हरणांच्या पाठीवर तो साचत होता आणि माझ्या मांडीवरून थेंब होऊन घरंगळत होता. पँटबद्दल पहिली चांगली खूण.

केबिनवर सहकाऱ्याचे वडील आधीच होते. वय अठ्ठ्याहत्तर, लाल-काळ्या चौकड्यांची लोकरी पँट, खांद्यांवरून गॅलिसचे पट्टे. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नेव्हीत होतास?" मी म्हटलं, नाही, आयटीत आहे. सहकारी मात्र सहा वर्षं नॅशनल गार्ड या राखीव सैन्यात होता. तो हसत सुटला. "ही मला फुकट मिळाली होती. तू पैसे दिलेस?"

रात्री साताऱ्याला फोन केला. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, लडाखात दोन हिवाळे काढलेले. पँटचं कौतुक मी दोन मिनिटं केलं. ते म्हणाले, "ते असू दे. पायमोजे किती जोड नेलेस?"

शनिवार : मचाण

पहाटे साडेचारला उठलो. बाहेर आठ फॅरनहाइट, म्हणजे उणे तेरा. इथे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते, सूर्योदय सात वाजून गेल्यावर. त्याच्या बऱ्याच आधी आपल्या जागी जाऊन बसायचं.

थंडी बघून माझी छाती दडपली होती. म्हणून मी पहिला थर घातला, त्यावर दुसरा घातला, त्यावर एक जाड सुती पायजमा घातला आणि वर ही पँट. कुठल्याही मराठी आईने घातलं असतं तसंच मी स्वतःला घातलं. सहकारी दारात उभा राहून म्हणाला, "निघताना थोडा कुडकुडलास तर बरोबर कपडे घातलेस असं समज. आत्ता तुला छान वाटतंय ना? मग चुकलंय." मी हसून सोडून दिलं.

मचाण केबिनपासून पाऊण मैल. गुडघ्याच्या खाली बर्फ, पाठीवर सॅक, खांद्यावर गोळ्या न भरलेली रायफल. अर्ध्या वाटेत पाठ ओली, तीन चतुर्थांशात मांड्या ओल्या. या कापडात गोअर-टेक्ससारखा पडदा नसतो. धाग्यांभोवतीच सिलिकोनचं आवरण असतं, त्यामुळे वारा अडतो, बर्फ घरंगळतो आणि घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ कशाची जाणार? माझा घाम त्या सुती पायजम्याने पिऊन टाकला होता. सुती कापड एकदा भिजलं की थंडीत ते अंगावर ओल्या पोतेऱ्यासारखं बसतं.

पंधरा फुटांची शिडी, वर बसायला पाटी, सुरक्षेचा पट्टा झाडाला. रायफल दोरीने वर ओढून घेतली, मग भरली. नारिंगी जॅकेट, नारिंगी कानटोपी. इथल्या नियमाप्रमाणे कमरेच्या वर घातलेल्या कपड्यांचा निम्मा भाग तरी झगझगीत नारिंगी हवा. २०१६ पासून गुलाबीही चालतो. कमरेखाली काय घालायचं हे नियम विचारत नाही, म्हणून तर ही फरशी चालते. आणि हरणाला तांबडा-नारिंगी रंग आपल्यासारखा दिसतच नाही, त्याच्या डोळ्यांत रंगाच्या पेशी दोनच प्रकारच्या. निळसर मात्र त्याला आपल्यापेक्षा जास्त खुपतं. त्यामुळे कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणात जे चमकदार रसायन घालतात, ते शिकारीच्या कपड्यांना लागू द्यायचं नाही. मी पँट नुसत्या पाण्यात धुतली होती.

उजाडलं. मेपलची उघडी खोडं, करडी साल, राखाडी आभाळ, खाली बर्फ. आणि त्यात माझ्या मांड्या! शप्पथ सांगतो, मला माझ्याच मांड्या नीट दिसेनात. अख्ख्या जगात या नमुन्याला जागा नव्हती म्हणतात, ती नोव्हेंबरातल्या उत्तर विस्कॉन्सिनात होती.

हे कौतुक चाळीस मिनिटं टिकलं. मग गारठा सुरू झाला. आधी मांडीच्या मागच्या बाजूला, जिथे पाटीला टेकलो होतो. मग गुडघे. मग दात. साडेआठला दोन माद्या ओढ्याकडून आल्या, माझ्याकडे नराचाच टॅग, म्हणजे नर मारायचाच परवाना होता, म्हणून नुसता बघत राहिलो. त्यांच्या नाकातून वाफ येत होती. माझे गुडघे इतके थरथरत होते की शिडी झाडाला लागून टकटक वाजत होती. एकीने मान वर केली, पुढचा खूर दोनदा आपटला आणि शेपटीचा पांढरा झेंडा दाखवून दोघी गेल्या. दहाला मी खाली उतरलो. बोटांना शिडी कळत नव्हती.

ही पँट बसून राहायला नाही. तिच्यात ऊब नाहीच मुळी. ती तुमची ऊब वाऱ्यापासून राखते, पण ती ऊब तुम्ही चालून तयार करायची. बसलात की कारखाना बंद. हे वाक्य मला विकत घेताना कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

म्हाताऱ्याने केबिनमध्ये सूप दिलं. त्यांची लोकरी पँट शेगडीजवळ दोरीवर टांगली होती, वजन असेल दोन किलो. ते सकाळपासून एका ओंडक्यावर बसून होते आणि त्यांना काही झालं नव्हतं. "बसणाऱ्याने लोकर घालावी," एवढंच म्हणाले. संध्याकाळी मी बाहेर पडलोच नाही. सुती पायजमा लाकडाच्या पेटीवर वाळत घातला आणि पुन्हा सॅकमध्ये भरला नाही.

रविवार : दबकत

आज बसायचं नाही, असं मीच सांगितलं. सहकारी म्हणाला, मग सीडरच्या झाडांच्या दलदलीत जाऊ, तिथे चालूनच शिकार होते.

अंगात फक्त दुसऱ्या थराचा फ्लीस पायजमा आणि वर पँट. दारातून बाहेर पडलो आणि कुडकुडलो. सहकाऱ्याने मान डोलावली.

दबकत चालणं म्हणजे काय ते शब्दांत सांगणं अवघड आहे. तीन पावलं टाकायची, थांबायचं, मिनिटभर नुसतं बघायचं. अख्खं हरीण शोधायचं नाही. आडव्या रेषा शोधायच्या, कारण जंगलात सगळं उभं असतं, आडवी असते ती पडलेली झाडं आणि हरणाची पाठ. दोन तासांत आम्ही पाचशे यार्ड गेलो असू. वाटेत टॅमरॅकचा पट्टा लागला. हे झाड दिसायला सूचिपर्णी, पण हिवाळ्याआधी याच्या सुया पिवळ्या होऊन गळतात, त्यामुळे बर्फावर सोनेरी भुगा पसरला होता.

इथे पँटचं खरं रूप दिसलं. गुडघा छातीपर्यंत उचलून पडलेल्या सीडरवरून पाय टाकायचा, वाकून फांद्यांखालून जायचं, एका गुडघ्यावर बसायचं. कापड ताणतं आणि पुन्हा जागेवर येतं, कुठे काचत नाही. बुटांवर बसणारी पायाची चेन थोडी उघडली की आतली वाफ निघून जाते, चढ संपला की बंद. सीडरच्या फांदीवरचा बर्फ बदाबदा मांडीवर पडला, झटकला, गेला. फ्लीसच्या पँटला जे कुसळं आणि काटेगोंडे चिकटतात ते हिला चिकटत नाहीत.

आवाजाबद्दल मात्र खरं सांगायला हवं. विकणारे म्हणतात, एकदम मूक. मूक नाही. गोअर-टेक्सच्या कुरकुरीत वेफरच्या पिशवीपेक्षा शंभर पटीने बरी, पण सुकी फांदी मांडीला घासली की 'स्सक' असा आवाज येतो, आणि थंडी वाढली की कापड जरा ताठरतं, तसा आवाजही वाढतो. दलदलीतल्या शांततेत तो मला गावच्या जत्रेतल्या पिपाणीएवढा वाटला. उपाय एकच, फांदीला घासायचंच नाही. त्यामुळे मी आपोआप हळू चाललो. म्हाताऱ्याची लोकर खरोखर मूक आहे, पण तीच लोकर दलदलीत भिजली असती तर चार किलोची झाली असती.

दुपारी शेजारच्या केबिनवरची मंडळी आली आणि हाका काढायचं ठरलं. हो, अक्षरशः आपला हाका. पाच जण ओळीत झुडपं तुडवत जाणार, तिघं पलीकडे दबा धरून बसणार. माझ्या पणजोबांच्या काळी रानडुकरांसाठी गावात असाच हाका निघायचा, ढोल आणि पत्र्याचे डबे घेऊन. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर गावात त्या फक्त गोष्टी उरल्या. इथे डबे नाहीत, ओरडणंही फार नाही, माणूस ठरल्या रेषेत चालतो आणि कुठल्या दिशेला गोळी झाडायची नाही ते आधी दोनदा घोकून घेतो. मी हाकणाऱ्यांत होतो. कमरेपर्यंतच्या काटेरी जाळीतून अर्धा मैल गेलो. पँटला एक ओरखडा नाही, माझ्या हातांना सात. हरीण एकही निघालं नाही, एक ससा निघाला, पांढरा झालेला.

परतताना दहा मिनिटं बर्फाळ ओंडक्यावर बसलो आणि ढुंगण ओलं झालं. वरून पडणारा बर्फ ही पँट सहज झटकते, पण अंगाच्या वजनाने दाबलं की पाणी आत येतं. ती पाणी टाळणारी आहे, पाणी अडवणारी नव्हे. लष्कराने सहावा थर उगाच काढलेला नाही. बसायला फोमचा तुकडा हवा. सहकाऱ्याने जुन्या योगा मॅटचा कापलेला चौकोन दिला, तो आजही माझ्या सॅकला बांधलेला आहे.

सोमवार : नर

शहाणपण आलं होतं. सहकाऱ्याने त्याचा जुना सातवा थर दिला, फुगीर पँट, दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत चेन, म्हणजे बूट न काढता चढवता येते. ती सॅकमध्ये. अंगात फ्लीस आणि सॉफ्टशेल. हळू चालायचं, घाम येऊ द्यायचा नाही, जागेवर पोचलं की पाच मिनिटं उभं राहून अंगातली वाफ जाऊ द्यायची, मग फुगीर पँट वरून चढवायची. मी पाटीवर फोम टाकून पाच तास बसलो. पाच तास! शनिवारी दोन तासांत माझी शिडी वाजत होती. हवा जवळपास तीच होती, उणे अकरा.

बारा वाजता जेवायला न जाता फुगीर पँट काढून सॅकमध्ये कोंबली आणि ओढ्याच्या कडेने दबकत निघालो. वारा तोंडावर होता. एका बाल्समच्या झाडामागे आडवी रेषा दिसली. मग कान. मग शिंगं. कायद्याप्रमाणे एक शिंग तरी तीन इंचांचं हवं, याची दोन्ही पाच-सहा इंचांची, साधी, फाटे नसलेली. मी एका गुडघ्यावर बसलो. हाच तो क्षण, पँट 'स्सक' म्हणेल असं वाटलं. म्हणाली नाही. साठ यार्ड. गोळी खांद्याच्या मागे लागली, तो तीसेक यार्ड पळाला आणि पडला.

मला काय वाटलं हे लोक विचारतात. हात थरथरत होते आणि रायफलची सेफ्टी लागलीय का हे मी तीनदा पाहिलं. जवळ जाऊन उभा राहिलो. डोळा उघडा होता. म्हाताऱ्याने रेडिओवर विचारलं, "झालं?" मी मराठीत "हो" म्हटलं.

पोट फाडायचं काम सहकाऱ्याने शिकवत माझ्याकडून करून घेतलं. दोन्ही हात कोपरापर्यंत गरम, पाठ गार. मग ओढणं. पाऊण मैल, साठेक किलो, शिंगांना दोर. या पँटचा जन्म याच कामासाठी झाला असावा. पायाच्या चेन उघडून टाकल्या, वाफ अशी निघत होती की सहकारी म्हणाला, "इडली झाली का?" हा शब्द त्याला मी डब्यातून शिकवलाय.

संध्याकाळी पाचच्या आत फोनवरून नोंदणी केली. मुदत दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत असते, पण कागदांचं मी आधीच सांगितलं आहे.

रात्री हृदय कांद्यावर परतायची इथली रीत आहे. मी सॅकमधून घरच्या कांदा-लसूण मसाल्याची पुडी काढली. म्हाताऱ्याने पहिला घास खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, दुसरा घास घेतला, आणि पुडी स्वतःच्या बाजूला सरकवली. आम्ही बाहेर शेकोटीपाशी बसलो. लाकूड फुटलं, ठिणगी उडाली आणि माझ्या डाव्या मांडीवर बसली. नायलॉन आहे ते, जळण्याआधी वितळतं. हरभऱ्याएवढं भोक, कडा काळ्या कडक. लष्कराकडे आगीला दाद न देणारे कपडे वेगळे आहेत, ते पस्तीसला मिळत नाहीत. दोन दिवस काट्यांतून धडधाकट आलेली पँट सुखाने बसलेलो असताना गेली. म्हाताऱ्याने आपल्या लोकरीवरची ठिणगी बोटाने झटकली. काही बोलले नाहीत, मला तेच जास्त लागलं.

मंगळवार : परत

मांस रात्रभर गारठ्यात लटकलं होतं, सकाळी हाडांपासून सोडवून पिशव्या भरल्या. मुंडकं वेगळं ठेवलं. या राज्यात २००२ पासून हरणांमध्ये मेंदू झिजवणारा एक आजार आढळतोय, माणसाला झाल्याचं उदाहरण नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा सल्ला आहे. तपासणी फुकट. रस्त्यात नमुना जमा करायची पेटी लागते, अर्ज भरायचा, मानेच्या काही इंचांसकट मुंडकं पिशवीत घालून आत सोडायचं. मागे थांबलेल्या गाडीतल्या बाईंनी माझ्या पँटकडे पाहून विचारलं, "कुठल्या युनिटला होता?" मी सहकाऱ्याकडे बोट दाखवलं.

घरी आलो. रक्ताचे डाग थंड पाण्यात भिजवून हाताने निघाले. गरम पाणी घातलं असतं तर बसले असते, हे बायकोनेच सांगितलं. साबण नाही, फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नाही, सावलीत वाळत. भोकावर आतून आणि बाहेरून नायलॉनची चिकटपट्टी गोल कापून लावली. चौकोनी लावली असती तर फरशीत मिसळून गेली असती, ते नंतर सुचलं.

रात्री काकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं, ओढण्याचं, पाच तास बसण्याचं, ठिणगीचं. मग म्हणाले, "आणि पायमोजे?"

"चार जोड. रोज बदलले."

"हां," काका म्हणाले, आणि फोन काकूकडे दिला.